तात्यांनी उतरवून घेतलेली अक्षरं

अठ्ठ्याण्णव साली मी बारामतीत एका शिक्षण संस्थेच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळत होते. संस्थेची दुसरी शाखा इंदापूरला होती. तिथंही लॅब निघाली, पण माणूस नेमला नाही. सोमवारी आणि गुरुवारी मीच जायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे मला कळवलं.

मी भाड्याच्या खोलीत राहायचे. आईवडील कऱ्हाटीला. सकाळी साडेसहाच्या एसटीनं निघालं की लासुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी करत इंदापुरात उतरायला साडेआठ व्हायचे. तिथून कॉलेजपर्यंत चालत. संध्याकाळी सव्वापाचची थेट गाडी चुकली की पुढचं काही खरं नसायचं. त्या वर्षी मी सतत थकलेली होते. नुसत्या झोपेनं जाणारा थकवा नव्हे. कुणी काही सांगायला लागलं की दुसऱ्या वाक्यापासून ऐकू येणं बंद व्हायचं, तसला.

इंदापूरच्या लॅबमध्ये मुलांसाठी आठ मशीन होती आणि एक मोठं मशीन, ज्याला आम्ही सर्व्हर म्हणायचो. सगळ्यांवर लिनक्स. ते फुकट मिळायचं, एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मीच चढवलं होतं. मुलं आपापल्या मशीनवरून सर्व्हरमध्ये शिरायची आणि प्रोग्रॅम लिहायची. सगळी मशीन एकाच काळ्या तारेला, माळेतल्या मण्यांसारखी जोडलेली. ती तार कुठंही सैल झाली की सगळी माळ बंद.

लॅबला शिपाई म्हणून तात्या दिले होते. वय सत्तावन्नच्या आसपास, शिक्षण सातवी. त्याआधी वीस वर्षं ते केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये होते. बाटल्यांवरची लेबलं झिजली की नवी लिहायचं काम त्यांचंच. इंग्रजीची अक्षरं ओळखायचे, शब्द वाचता यायचा नाही, पण अक्षर न् अक्षर जसंच्या तसं उतरवायचे. एकदा लेबल चुकलं आणि एका मुलाचा हात भाजला, तेव्हापासून तीनदा ताडून बघायची सवय लागली, असं ते सांगायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं की कऱ्हाटीत कुणाच्या तुम्ही. मी वडिलांचं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला.

"म्हंजी आपल्यातल्याच की," ते म्हणाले. "छप्पन्न सालच्या नागपूरला तुमचं आजोबा आन् माजं वडील एकाच गाडीनं गेल्यालं."

मोठ्यानं नाही म्हणाले, साधंच बोलले. पण वर्गात मुलं होती, दारात दोन प्राध्यापक उभे होते, आणि मी एकदम आखडले. माझ्या वडिलांनी नोकरी लागताना एकच गोष्ट बजावली होती की कामात कुणाला बोट दाखवायला जागा ठेवू नको. आपल्या माणसाला सांभाळून घेते, असं कुणी म्हणेल, ही भीती मला त्या क्षणापासून बसली. मी त्यांना "बरं" म्हटलं आणि तारा मोजायला लागले. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. इतर शिपायांशी बोलायचे त्याहून जरा जास्तच कोरडं.

पावसाळा सरता सरता ग्रंथालयासाठी एक मशीन आलं. ग्रंथालय लॅबच्या पलीकडच्याच खोलीत होतं. पुस्तकांची यादी त्यावर ठेवायची होती, आणि भिंतीला भोक पाडून तीच काळी तार तिकडे न्यायची होती. तो गुरुवार होता. सीडीवरून सगळं नव्यानं चढवायचं तर अर्धा दिवस गेला असता. मग मी सोपा रस्ता काढला. ग्रंथालयाच्या मशीनची डिस्क काढून सर्व्हरला जोडली आणि सर्व्हरची सगळी नक्कल तिच्यावर उतरवली. पाच वाजता नक्कल पूर्ण झाली. डिस्क परत बसवली, मशीन चालू होतंय एवढं पाहिलं, बंद केलं आणि स्टँडकडे पळाले. एक गोष्ट राहिली होती, ती सोमवारी करू म्हटलं. सोमवारी परीक्षेचे फॉर्म भरायला बसवलं मला. ती गोष्ट डोक्यातून गेली ती गेलीच.

पंधरा दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. मुलांचं काम चालता चालता अर्ध्यात तुटायचं. पुन्हा आत शिरलं तर कालचा प्रोग्रॅम जागेवर नसायचा. एक-दोन दिवसांनी तो परत दिसायचा. मी सोमवारी गेले की सगळं व्यवस्थित. गुरुवारी गेले तरी व्यवस्थित. मंगळवारी बारामतीत फोन यायचा की पुन्हा बंद आहे.

इंदापूरच्या लॅबमध्ये फोन नव्हता, तिथल्या प्राचार्यांच्या ऑफिसात होता. म्हणून मी तात्यांना शिकवलं. आयएफकॉन्फिग असा शब्द टाइप करून एंटर दाबलं की मशीन स्वतःची ओळख सांगतं. त्यात एक असतो पत्ता, ठिपक्यांनी तोडलेले चार आकडे, तो आपण दिलेला. आणि एक असतो नेटवर्क कार्डाचा क्रमांक, आकडे आणि अक्षरं मिळून बारा, दोन-दोनच्या सहा जोड्या. तो कारखान्यातूनच येतो, ट्रॅक्टरच्या चेसिसवर ठोकलेला असतो तसा. दुसरी कमांड एआरपी. ती मुलांच्या मशीनवर दिली की सर्व्हरच्या पत्त्यावर त्या मशीनला कोणतं कार्ड सापडलंय, ते दिसतं. हे सगळं मला माहीत होतं. तात्यांना मी फक्त कोणती बटणं दाबायची तेवढं सांगितलं. कशासाठी, ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, नंतर सांगते.

ते पडद्यावरचं सगळं वहीत उतरवायचे. वही म्हणजे पास होऊन गेलेल्या कुणा मुलाचं जर्नल, मागची कोरी पानं. मग ती वही घेऊन दोन जिने उतरून ऑफिसात जायचे आणि फोनवर वाचून दाखवायचे. सावकाश, एकेक अक्षर.

"शून्य शून्य, ए शून्य, सी नऊ…"

आमच्या सगळ्या मशीनची कार्डं एकाच खोक्यातून आलेली होती. त्यामुळे पहिल्या तीन जोड्या सगळीकडे त्याच. त्या ऐकल्या की मी म्हणायचे, बास, कळलं, पत्ता बरोबर आहे ना? ते म्हणायचे, व्हय, बरोबर हाय. मी म्हणायचे, मग तारेचीच भानगड आहे.

एकदा ते म्हणाले, "मॅडम, म्होरली अक्षरं बी आयकून घ्या की. आज ती येगळी दिसत्यात."

मी बारामतीच्या ऑफिसात फोनपाशी उभी होते. लॅबमध्ये माझ्यामागं पस्तीस मुलं गोंधळ घालत होती आणि क्लार्क फोन मोकळा करा म्हणून खुणावत होता.

"तात्या, त्याची गरज नाही," मी म्हटलं. "तार कुणी हलवू नका, एवढं बघा."

ते "बरं" म्हणाले.

खरं तर मला तेव्हाच शंका यायला हवी होती. तार सैल झाली असती तर एका मशीनवरून दुसऱ्याला दिलेली हाकच पोहोचली नसती. तात्या वाचत होते त्यात सर्व्हरच्या पत्त्यापुढे कार्डाचा क्रमांक येत होता, म्हणजे हाकेला उत्तर येत होतं. एकीकडे उत्तर येतंय आणि दुसरीकडे काम तुटतंय, ही गोष्ट तारेत बसत नाही. शांतपणे बसून पाच मिनिटं विचार केला असता तर लागलं असतं. पण ती पाच मिनिटं मी कुठं बसलेच नाही. बसमध्ये बसायचे तेव्हा मान खिडकीला टेकायची आणि शेळगाव कधी गेलं ते कळायचं नाही.

मला त्यापेक्षा सोपं उत्तर मिळालं होतं. बिघाड मी नसताना होतो. मी नसताना लॅबमध्ये झाडू मारायला कोण जातं? तात्या. झाडू टेबलाखालच्या तारेला लागतो. झालं.

डिसेंबरात प्राचार्यांनी मला बोलावलं. मुलांचे पालक यायला लागले होते, प्रॅक्टिकलची परीक्षा जवळ आली होती. त्यांनी लेखी कारण मागितलं. मी तिथंच बसून अर्धं पान लिहिलं. माझ्या अनुपस्थितीत सेवकाकडून साफसफाईच्या वेळी नेटवर्कच्या तारेची हाताळणी नीट होत नाही, वारंवार सूचना देऊनही फरक पडलेला नाही, असं. लिहिताना हात अडखळला नाही, हे मला आज जास्त लागतं. उलट मनात एक छोटं समाधान होतं, की आता कुणी म्हणणार नाही मी आपल्या माणसाला पाठीशी घालते.

आठ दिवसांत तात्यांना लॅबमधून काढून गेटवर बसवलं. मी गुरुवारी गेले तेव्हा ते गेटवरच होते. नेहमीसारखे उठून उभे राहिले. मी मान हलवली आणि आत गेले.

बिघाड थांबला नाही. आता मुलांचे तास सोडले तर लॅबला कुलूप असायचं, झाडू मी असतानाच मारला जायचा, तरी मंगळवारी फोन आलाच. बुधवारीही आला. आता बोट दाखवायला कुणी उरलं नव्हतं.

जानेवारीत एका सोमवारी सुट्टी आली म्हणून मी मंगळवारी इंदापूरला गेले. अकराला मुलं बसली आणि साडेअकराला माझ्या डोळ्यांसमोर काम तुटलं. आठही पडदे गोठले. मी टेबलाखाली शिरून तार पहिल्यापासून शेवटपर्यंत हातानं चाचपली. सगळे जोड घट्ट होते. बाहेर आले, हातांना धूळ, आणि काही सुचेना. पाणी प्यायला म्हणून खाली गेले. पाण्याची टाकी गेटजवळ होती.

तात्या खुर्चीवरून उठले. "आज मंगळवार," ते म्हणाले. "बंद पडलं आसंल."

मी विचारलं की तुम्हाला कसं माहीत.

त्यांनी खुर्चीखालच्या पिशवीतून ते जर्नल काढलं. मला वाटलं होतं, लॅबमधून जाताना ते त्यांनी फेकलं असेल. पानापानावर वार, वेळ आणि त्याखाली पडद्यावरचं सगळं, बाटलीच्या लेबलासारख्या अक्षरात. ते बोट ठेवून दाखवायला लागले.

"ह्ये सोमवारचं. शेवट बघा. एक ई, शून्य तीन, सात बी. ह्ये गुरवारचं, तेच. आता ह्ये मंगळवारचं. चार सी, ए नऊ, दोन शून्य. बुधवारी बी तेच, शनवारी बी तेच. पैलं आर्धं सारखं, म्हून तुमी म्होरं आयकतच नव्हता."

मी तिथं गेटवर, उन्हात, ती पानं वाचत उभी राहिले. सर्व्हरचा पत्ता रोज एकच होता. पण त्या पत्त्यावर सापडणारं कार्ड काही दिवस एक आणि काही दिवस दुसरंच होतं. म्हणजे एकाच पत्त्यावर दोन मशीन होती. हाक मारली की कधी हे ओ देत होतं, कधी ते.

ग्रंथपालबाई दोन शाखांत मिळून काम करायच्या. इंदापूरला मंगळवारी, बुधवारी आणि शनिवारी. त्या आल्या की त्यांचं मशीन चालू व्हायचं.

मी वही घेऊनच वर गेले. ग्रंथालयात जाऊन बाईंना म्हटलं, जरा उठता का. खुर्चीत बसले आणि ती कमांड दिली. पडद्यावर आलं: पत्ता सर्व्हरचा. आणि कार्डाच्या शेवटच्या तीन जोड्या चार सी, ए नऊ, दोन शून्य. सर्व्हरची नक्कल उतरवली तेव्हा त्याचा पत्ताही उतरला होता, आणि तो बदलायचं काम मी सोमवारवर टाकलं होतं. मुलांचे प्रोग्रॅम हरवत नव्हते. मुलं काही दिवस सर्व्हरमध्ये शिरत होती आणि काही दिवस त्याच्या नकलेत.

पत्त्यातला एक आकडा बदलायला मिनिटही लागलं नाही. शेजारच्या खोलीत मुलांचा आवाज झाला, चालू झालं म्हणून. बाई म्हणाल्या, सुटलं का एकदाचं? मी हो म्हटलं आणि बसून राहिले. उठावंसं वाटेना.

दुपारी मी गेटवर गेले. काय झालं होतं ते तात्यांना सांगितलं, या वेळी कशासाठी काय असतं तेही सांगितलं. चूक माझी होती आणि मी तुमच्यावर कागद लिहिला, असं म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुमी लई दमल्याल्या आसायच्या," ते म्हणाले. "मला दिसत हुतं ते. पन कागद लिवायच्या आदी एक डाव मला इचारायचं. मी काय तुमाला परका हुतो?"

परके नव्हते म्हणूनच विचारलं नाही, हे खरं कारण मी त्यांच्या तोंडावर सांगू शकले नाही. त्यांना ते कळलं असावं. ते दुसरीकडे, रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या गाड्यांकडे बघत राहिले.

प्राचार्यांकडे मी दुसरा कागद घेऊन गेले. बिघाडाचं कारण, चूक कुणाची, पहिला कागद मागे घेत आहे, सेवकाला परत लॅबमध्ये घ्यावं. त्यांनी तो वाचून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले की मॅडम, आता चालू झालंय ना, मग हे फाइलला कशाला लावायचं, तुमचं पर्मनंट व्हायचं आहे अजून. मी म्हटलं, पहिला लागलाय तर हाही लागू दे. त्यांनी सही केली.

माझं पर्मनंट होणं त्या वर्षी लांबलं. त्याच कागदामुळे लांबलं की आणखी कशामुळे, कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तात्यांना गेटवरून उठवायचा हुकूम निघायला महिना गेला. कॉम्प्युटर लॅबमध्ये परत यायला मात्र ते तयार झाले नाहीत. त्यांनी आपली केमिस्ट्री मागून घेतली. मी विचारलं तेव्हा म्हणाले की तितं बाटल्या माज्या वळखीच्या हायत्या, आन् आता वरीसभरच राहिलंय. गोड आवाजात सांगितलं, पण त्यात मला परत बोलायला जागा नव्हती. नंतर दिसायचे कधी व्हरांड्यात, चहा घेतला का विचारायचे. मी घेतला म्हणायचे. जुन्या ओळखीचं, एकाच गाडीनं नागपूरला गेलेल्या आजोबांचं, त्यांनी पुन्हा काढलं नाही. मला आता ते ऐकायचं होतं. आजोबा लवकर गेले, आणि त्या प्रवासाबद्दल आमच्या घरात कुणालाच धड काही माहीत नव्हतं. पण कोणत्या तोंडानं विचारणार?

ते निवृत्त झाले त्या दिवशी निरोपसमारंभाला मी रजा टाकून गेले होते. त्यांची सून आणि नातवंडं आली होती. भाषण करायला लावलं तर दोनच वाक्यं बोलले. फोटो काढताना मी कडेला उभी राहिले. जाताना मी त्यांना घरी कुठं असता, विचारलं. त्यांनी पत्ता सांगितला, या म्हणाले. मी येते म्हटलं. गेले नाही. सोमवारी आणि गुरुवारी इंदापुरात असूनही, सव्वापाचच्या गाडीच्या नादात, गेले नाही.

पुढच्या जूनमध्ये संस्थेनं इंदापूरला पूर्णवेळ माणूस नेमला. अकलूजकडचा, लग्न झालेला, डोक्याचे केस विरळ झालेला. त्याला लॅब द्यायला मी शेवटची गेले. प्रत्येक मशीनवर त्याच्यासमोर कमांड देऊन पत्ता आणि कार्डाचा क्रमांक दाखवला, सगळ्यांची एक यादी करून भिंतीला चिकटवली. ग्रंथालयाच्या मशीनपाशी आलो तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. नक्कल कशी केली, काय विसरले, कागद कुणावर लिहिला. सांगायची गरज नव्हती. मला कुणाला तरी सांगायचं होतं.

तो ऐकत होता, निदान मान हलवत होता. बारा महिने रोज अकलूजवरून जाऊन-येऊन करायचं ठरवलं होतं त्यानं; पहिल्याच आठवड्यात डोळ्यांखाली काळं आलं होतं. माझं बोलणं संपलं तसं तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, मॅडम." मग घड्याळाकडे बघून त्यानं विचारलं की अकलूजची शेवटची गाडी स्टँडवरून नक्की किती वाजता सुटते.